पेवातल्या साठ बाटल्या

तारीख ४ मार्च १९०३. रक्कम तीन रुपये दोन आणे. जागा घोडेगावच्या मुसाफरी बंगल्याची ओसरी. हजर चौघे: रस्त्याच्या मोजणीसाठी दोन वर्षं तिथे राहिलेला इंग्रज साहेब, बाजारातले धान्याचे व्यापारी शेठजी, गाडी घेऊन आलेला माझा मेहुणा, आणि मी.

साहेबाची बदली सिंधमध्ये झाली होती. दोन वर्षं त्याच्या घोड्यांचा कडबा आणि घरचं दूध मी पुरवलं होतं. त्यासाठी त्याने आगाऊ दिलेल्या रकमेतले तीन रुपये दोन आणे उरले होते, ते परत करायला मी गेलो होतो. मी पैसे पुढे केले. साहेबाने हात हलवला आणि म्हणाला, "ठेवा." मग ओसरीच्या कोपऱ्यात रचलेल्या पाच लाकडी पेट्यांकडे छडीने दाखवून म्हणाला, "ते पण ठेवा." एवढं बोलून तो टांग्यात बसला.

टांगा वळणाआड गेल्यावर शेठजींनी एका पेटीची फळी उचकटली. आत गवताच्या टोप्या घातलेल्या काळपट बाटल्या होत्या. बुचांवर लाख आणि तारेची गुंडाळी होती.

"भाऊ, ही बिअर हाय. विलायती दारू," शेठजी म्हणाले. "बक्षीस दिली तुमाला. दोन वरीस दूध पाजलंत त्याला, त्यानं तुमाला ही पाजली."

"बक्षीस द्यायचं असतं तर 'घ्या' म्हणाला असता," मी म्हणालो. "तो 'ठेवा' म्हणाला. ही ठेव आहे."

शेठजी हसले. मेहुणाही हसला. मी मात्र ते पैसे रुमालात वेगळे बांधले आणि पेट्या गाडीत भरायला लागलो.

शेठजींचं घर त्यांच्या आजोबांच्या वेळी मारवाडातून आलेलं. घरात मराठीच बोलत, आणि बाजारात त्यांच्या तोंडून निघालेला भाव बाकीचे धरून चालत. माझ्या पेवातली सर्वांत मोठी साठवण त्यांचीच असे. आमच्या घरामागे पांढरीच्या टणक मातीत खणलेली धान्याची दोन पेवं आहेत. तोंड एक माणूस उतरेल एवढंच, आत रांजणासारखी पोट सुटलेली. थोरल्या पेवात लोकांचं बियाणं, धाकट्यात घरचं धान्य. आजोबांच्या वेळेपासून दुसऱ्याचं धान्य सांभाळून परत द्यायचं हा आमच्या घराचा शेतीनंतरचा धंदा. त्यात भांडवल एकच: लोकांचा भरवसा. दिलं तेवढं आणि दिलं तसं परत मिळतं, एवढी एक गोष्ट लोक आमच्याबद्दल म्हणत. ते म्हणणं बंद झालं की पेव म्हणजे नुसता खड्डा.

पेट्या घरी आल्या तेव्हा बायकोने नाकाला पदर लावला. आमच्या घरात कोणी थेंब घेतलेला नाही.

"काय हाय हे?"

"साहेबाची ठेव."

तिने पेटीभोवती एक फेरी मारली. "ठेव हाय ना? मंग आत काय हाय ते आपुन इचारायचं न्हाई. तुमच्या आत्याबाईंनी एकदा मेलेल्या सवतीचे दागिनेबी गठुडं न सोडता सांबाळले व्हते. कुटं ठेवायचं तेवढं सांगा."

दुसऱ्या दिवशी मी घोडेगावच्या कचेरीत गेलो. विलायती दारू घरात ठेवायची तर सरकारचा नियम काय, हे आधी माहीत असलेलं बरं. कारकुनाने विचारलं, "विकणार का?" मी नाही म्हणालो. "पिणार?" नाही. "मग करणार काय?" मी म्हणालो, "ठेवणार." कारकुनाने लेखणी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं, आत जाऊन वरिष्ठांना विचारून आला आणि म्हणाला, "मग ठेवा." त्याने तसा चिटोरा लिहून दिला.

पेट्या माजघराच्या थंड कोपऱ्यात रचल्या. बाटल्या साठ होत्या. प्रत्येकीवरची चिठ्ठी वेगळी, गावांची नावं वेगळी. मला इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. बुचांवर आणि चिठ्ठ्यांवर साल होतं. सर्वांत जुन्या चार १८८७ च्या. तेव्हा महाराणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली होती. साठ वर्षं झाली त्या १८९७ सालच्या बावीस. बाकीच्या मधल्या वर्षांच्या, कुठे तीन, कुठे पाच. तेव्हा माझ्या लक्षात आलं की साहेबाने ही दारू पिण्यासाठी आणलेली नाही. पिणारा माणूस एकाच जातीची पेटी आणतो. या बाटल्या कोणीतरी वेगवेगळ्या गावांहून, वर्षावर्षाने निवडून जमवल्या होत्या आणि मुद्दाम फोडल्या नव्हत्या. आपल्याकडे जुनं तूप वैद्याला लागतं, जुना गूळ बाळंतिणीला, जुना तांदूळ पाहुण्याला. या लोकांत जुनी बिअर असावी. मला ते लगेच पटलं.

पुढची चूक, ही साठवण आपल्या साठवणीसारखीच आहे असं पटण्यातूनच झाली. आमच्याकडे चैत्र संपता संपता घरातली सगळी साठवण उन्हाला दाखवतात. डाळी, चिंच, मिरची, लोणच्याच्या बरण्यासुद्धा. ऊन दाखवलं नाही तर जिन्नस कोंदटतो. मी मंचरच्या बाजाराला गेलो होतो. बायकोने घरचं सगळं माळवदावर काढलं, आणि ठेवीची हयगय नको म्हणून साहेबाच्या दोन पेट्याही वर नेल्या. बाटल्या पुसून, पापडांच्या शेजारी, ओळीने उभ्या केल्या.

मी वेशीत आलो तर आमच्या गल्लीत माणसं जमलेली. मेहुणा सांगायला धावत आला, "दाजी, माळवदावर बार उडत्यात."

नऊ बाटल्या फुटल्या. एकीची मान, लाख, तार आणि बुचासकट, शेजारच्या गोठ्यात जाऊन पडली. फेस मोरीतून गल्लीत आला आणि वासाने म्हाताऱ्यांनी तोंडं फिरवली, दोघातिघांनी मात्र फिरवली नाहीत. बायको जिन्यात उभी होती. पापडांवर काचा पडलेल्या. ती म्हणाली, "म्या उन्हाला दाखवल्या. लोनच्याला दाखवत्यात तशा."

 तिने केलं ते रीतीप्रमाणेच केलं होतं. पण त्या दुपारी मला समजलं की ही साठवण आपल्या इतर साठवणीच्या उलटी आहे. हिला ऊन नको, वारा नको, हलवणं नको. हिला अंधार आणि सारखी थंडाई पाहिजे. अशी जागा माझ्याकडे एकच होती.

फुटलेल्या नऊ बाटल्यांच्या माना, बुचांसकट आणि चिठ्ठ्यांच्या तुकड्यांसकट, मी धुऊन एका गाडग्यात भरून ठेवल्या. कोणी प्यायलं असा संशय नको. उरलेल्या एक्कावन्न बाटल्यांसाठी धाकटं पेव रिकामं केलं. तळाला भाताचा पेंढा दोन हात जाड घातला. त्यावर बाटल्या आडव्या, जुन्या सालाच्या सर्वांत खाली, दोन बाटल्यांमध्ये मूठभर पेंढा. वर पुन्हा पेंढा, मग फरशी, मग शेणमातीचा लेप. लेप बायकोने दिला आणि पुढे दरवर्षीही तिनेच दिला. भेग दिसली की ती दुसऱ्या कामाला हात लावत नसे.

आठ दिवसांनी शेठजी आले. या वेळी हसत नव्हते.

"भाऊ, आमचं बी थोरल्या पेवातनं काढून द्या."

"का? ओल लागली का?"

"ओल न्हाई. शेजारच्या पेवात दारू हाय. आमच्या घरात कांदा-लसूण शिजत न्हाई, तुमाला म्हाईत हाय. आमचं बी दारूशेजारी निजलेलं आमाला चालत न्हाई. बाटल्या वतून टाका, बी राहील तिथंच."

"ठेव ओतून कशी टाकायची?"

"ठेव कसली, राव? साहेबानं घाण टाकली तुमच्या दारात आन् तुमी तिला पुजताय. इंग्रजाला 'घ्या' आन् 'ठेवा' ह्यातला फरक कळतो व्हय?"

मी थोरलं पेव उघडून त्यांचं बियाणं मोजून दिलं. त्यांच्यामागून आणखी सहा घरांनी आपापलं काढलं. पुढच्या वर्षी कोणीच आणलं नाही. थोरलं पेव रिकामं पडलं, आणि धाकट्यात ज्या दारूने ते रिकामं केलं ती निजलेली. आमचे पोरगे शाळेत गेले की पोरं त्यांना 'बाटलीवाले' म्हणत. लग्नाच्या पंगतीत मला कोणी दूर बसवलं नाही, पण वाढपी आला की शेजारचा म्हणे, "ह्यांना ताक नको, ह्यांच्या घरी दुसरं असतं." मी ताक मागून घेई.

मला पैशापेक्षा एक गोष्ट टोचे. लोक म्हणत होते की मी चुकीच्या गोष्टीला ठेव समजलो. ठेव कोणती आणि बक्षीस कोणतं हेच ज्याला कळत नाही, त्याच्याकडे बियाणं ठेवायचं कशाला? साहेब एकदा समोर येऊन बोलल्याशिवाय याला उत्तर नव्हतं. आणि साहेब सिंधमध्ये होता की विलायतेत की जगातच नव्हता, हे मला ठाऊक नव्हतं.

बायको एकदा म्हणाली, "किती वरीस?"

मी म्हणालो, "ठेवीला मुदत सांगितली नव्हती."

"मंग आपुन बी इचारायला नको."

दरवर्षी दिवाळीनंतर मी पेव उघडत असे. फरशी काढून दिवसभर तसंच ठेवायचं, म्हणजे आतली कोंडलेली हवा निघून जाते. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तरच माणूस उतरतो. मी एकटाच उतरे. पेंढा बाजूला सारून एकेका बाटलीचं बूच बोटाने तपासायचं, ओल लागली तर राळ आणि मेण वितळवून वर चढवायचं. बाटली उचलायची नाही, फिरवायची नाही. कंदील मागे धरला की तळाशी गाळाची बारीक रेघ दिसे आणि वरची बिअर दरवर्षी थोडी जास्त लाल वाटे, जुन्या मधासारखी. आठ वर्षांत दोन बाटल्या बुचातून पाझरून रिकाम्या झाल्या. त्यांच्या रिकाम्या बाटल्या गाडग्याशेजारी ठेवल्या. उरल्या एकोणपन्नास.

सन १९११ च्या हिवाळ्यात मेहुणा जुन्नरहून बातमी घेऊन आला. तिथल्या बंगल्यावर आपलेच साहेब, आता रस्त्याचे मोठे साहेब होऊन, उतरले आहेत, केस पिकलेत, पण घोड्याला कडबा आमच्याच बाजूचा पाहिजे म्हणून हट्ट धरतात. मी त्याच आठवड्यात पेव उघडलं.

बातमी बाजारात पोचायला वेळ लागला नाही. शेठजी स्वतः घरी आले.

"जुन्नरला निगालात म्हनं."

"उद्या."

"मी बी येतो. साहेब काय म्हनतो ते माझ्या कानानं ऐकायचंय. तो 'माझी ठेव' म्हनला, तर माझं बी पुन्हा तुमच्या पेवात. शेजारी काय का निजंना. पन 'दिली व्हती' म्हनला, तर मंग पुन्हा तोंड उघडायचं न्हाई, भाऊ."

"कबूल," मी म्हणालो.

गाडीत पेंढ्याची गादी करून बाटल्या आडव्या ठेवल्या आणि मेहुण्याने बैल चालीने नेले. कळंबच्या बाजूची वाट टाळली, तिथे खड्डे फार. जुन्नरात एक दिवस आधी पोचलो आणि बाटल्या धर्मशाळेच्या खोलीत निवांत ठेवल्या. हलवलेला गाळ बसायला वेळ लागतो, हे मला पाण्याच्या रांजणावरून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी बंगल्याच्या अंगणात साहेब खुर्चीवर बसले होते, सोबत दोन तरुण साहेब आणि एक मराठी कारकून. मी पुढे जाऊन आधी रुमालातले तीन रुपये दोन आणे काढून मेजावर ठेवले. मग बाटल्या. मग दोन रिकाम्या बाटल्या. शेवटी गाडगं उपडं केलं आणि नऊ माना ओळीने लावल्या.

"साठ," मी म्हणालो. "साहेबांची ठेव."

 साहेबांनी १८८७ ची बाटली उचलली.  ते बाटलीकडे बघत हळूहळू मराठीत म्हणाले, "मला आठवलं. पण हे मी तुम्हाला दिलं होतं."

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं.  आठ वर्षं, थोरलं पेव, पोरांचं 'बाटलीवाले', सगळं त्या एका वाक्यात गेलं होतं.

मी म्हणालो, "साहेब, आपण 'ठेवा' म्हणालात."

"होय. ठेवा. म्हणजे तुम्हीच ठेवा."

कारकून खाली बघायला लागला. तेवढ्यात शेठजी पुढे झाले. पागोटं सरळ केलं आणि बाजारात भाव सांगतात त्या आवाजात बोलले.

"साहेब, माफी करा. तुमी आमच्या भाषेत बोलला, तर शबूद आमच्या भाषेतला धरावा लागंल. द्यायचं असलं तर आमी 'घ्या' म्हनतो. 'ठेवा' म्हटलं की माल तुमचा आन् राखन आमची. माझ्या दुकानात कुनी पैसं टाकून 'ठेवा' म्हनलं आन् मी ते खाल्लं, तर पंच मला उभा जाळतील. तुमच्या मनात काय व्हतं ते देवाला म्हाईत. तोंडातनं जे निगालं ते ह्यानं आठ वरीस राखलं. ही तुमची ठेव हाय."

साहेब मोठ्याने हसले. "कबूल," ते म्हणाले. "माझी ठेव."

शेठजींनी मान डोलावली, जणू खटला दुसऱ्याच कोणाचा होता.

तरुण साहेबांपैकी एकाला भरवसा नव्हता. त्याने इंग्रजीत काही म्हटलं, कारकुनाने मला हळूच सांगितलं, "म्हणतात, हिंदुस्थानच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत ही आंबून हिचा शिरका होतो." तरुण साहेबाने हाताला लागली ती बाटली उघडली, पेल्यात ओतली, ओठ लावले आणि तोंड वाकडं केलं. शिरकाच झाला होता. त्याने पेला मेजावर ठेवला आणि हसला.

मी ती बाटली हातात घेऊन बूच पाहिलं. वर माझ्याच हाताची राळ होती. "ही पाझरणारी होती," मी म्हणालो, "मी तिला दोनदा मेण लावलं. राळ नसलेली घ्या. ही घ्या." आणि सर्वांत खालच्या थरातली, सत्त्याऐंशीची, पुढे केली.

साहेबांनी ती स्वतः उघडली. बूच सुटताना अगदी हलका आवाज झाला, म्हाताऱ्या माणसाच्या उसाशासारखा. त्यांनी ती न हिंदकळवता, गाळ बाटलीतच राखून ओतली. पेल्यातला रंग काळपट लाल होता. वास माझ्यापर्यंत आला: जुन्या गुळाच्या ढेपेचा, मनुकांचा, आणि खाली थोडा भिजल्या लाकडाचा. साहेबांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि पेला त्या तरुणाकडे दिला. तरुणाने घोट घेतला. मग दुसरा. मग त्याने पेला परत दिला नाही.

"शेठजी, घेणार का?" साहेबांनी थट्टेने विचारलं.

"वास घेतला तेवढं प्रायश्चित्त पुरं," शेठजी म्हणाले.

साहेबांनी मला सांगितलं की चोवीस वर्षांची अशी बिअर त्यांनी विलायतेतही प्यायली नाही. त्यांच्या गावी दगडी तळघरं आहेत, पण असं पेव नाही. ते बाटल्यांची किंमत देऊ लागले. मी नाही म्हणालो. त्यांचाच माल त्यांना विकायचा कसा?

"मग मी काय देऊ?"

"भाडं," शेठजी मध्येच म्हणाले. "ठेवीला भाडं असतंय. बाटलीमागं वर्साला एक आना. एकोणपन्नास बाटल्या, आठ वर्सं."

मी म्हणालो, "एक बाटली शिरका झाली. तिचं नको."

"तिलाबी जागा लागली," शेठजी म्हणाले.

साहेबांनी चोवीस रुपये आठ आणे दिले. मी घेतले. मग त्यांनी सत्त्याण्णवच्या बावीसपैकी शिल्लक होत्या त्या बाजूला काढल्या आणि म्हणाले, "ह्या परत पेवात. पाच वर्षं. मुदत सांगतो आणि भाडं दरसाल पाठवतो." तरुण साहेबाने आपल्या दोन पेट्याही पुण्याहून पाठवायचं ठरवलं. त्याने त्या आमच्या पेवात पाठवल्याही, आणि दोन महिन्यांत पुण्याच्या आणखी दोघांनी.

परतीच्या वाटेवर शेठजी आमच्या गाडीत बसले. त्यांचा टांगा मागून रिकामा येत होता. मेहुणा म्हणाला, "शेठ, दारूच्या गाडीत बसलाय तुमी."

"ठेवीच्या गाडीत बसलोय. बैल हाक."

घोडेगावच्या बाजारातून जाताना शेठजींनी गाडी थांबवायला लावली आणि आपल्या दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसांना मोठ्याने सांगितलं, "साहेबानं कबूल केलं. ठेव व्हती." दुसरं काही सांगितलं नाही. आठ वर्षांपूर्वी बियाणं काढून नेलेल्या घरांपैकी चार घरची माणसं तिथेच होती. संध्याकाळी त्यांच्यातले दोघे आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि पाऊसपाण्याचं बोलले. उठताना एकाने विचारलं की थोरल्या पेवाला लेप कधी द्यायचा.

शेठजी दुसऱ्या दिवशी सकाळी बियाण्याच्या गाड्या घेऊन आले. मी पेवाच्या तोंडाशी उभा होतो, कंदील खाली सोडलेला, जळत होता. ते माझ्याजवळ थांबले नाहीत. सरळ घरात गेले आणि शेणमातीचा गोळा मळत बसलेल्या माझ्या बायकोपुढे उभे राहिले.

"वैनी, लेप तुमी देता, मंग भाडं तुमच्या हातात."

"माझे हात भरल्यात," ती म्हणाली.

"धुवा. मी थांबतो."

तिने हात धुतले, पदराला पुसले. शेठजींनी थोरल्या पेवाचं वर्षाचं आगाऊ भाडं अठरा रुपये तिच्या हातात दिलं.